पान चौसष्ट, आरशात

अग्निशमन दलाच्या जुन्या सामानाच्या विक्रीत
दोन डॉलरला मिळालं पुस्तक.
कव्हरवर चौकड्यांच्या पँटमधला गडी,
कंबरेपासून असा पिळलेला
जसं कुणी ओलं ब्लँकेट पिळायला घ्यावं
आणि मध्येच फोन वाजावा.
"नोलीन, तुला कशाला गं हे?" सुटे मोजता मोजता ब्रायडी.
म्हटलं, दाराला टेकण.

काठ्या होत्याच.
दीर ऍथल गोल्ड कोस्टला राहायला गेला
तेव्हा आमच्या गॅरेजात ठेवून गेला, डावखुऱ्याच्या सात.
सगळ्या खोऱ्यात डावखुरे दोनच,
तो आणि मी. आता मीच.

पुस्तक मात्र उजव्यांचं.
ते डावा खांदा म्हणतं तिथे माझा उजवा,
उजवी टाच म्हणतं तिथे डावी,
एका वाक्यात चारदा बाजू बदलायच्या
आणि तोवर चेंडू तिथेच, गवतात,
रांगेतल्या म्हाताऱ्यासारखा.
शाळेत मिस गार्व्ही माझा डावा हात
एप्रनच्या नाडीने खुर्चीला बांधायची.
तिचं अक्षर देखणं होतं.
माझं अजून नाही.

जुलै. नळ गोठलेले, कुंपणाच्या तारांवर पांढरी लव.
त्या रात्री कपाटाच्या आरशासमोर
खुर्चीवर पुस्तक उभं केलं,
पानांना कपड्यांचे चिमटे लावले, पान चौसष्ट,
आणि आरशात तो गडी
डावखुरा!
माझ्याच बाजूने उभा, माझ्याच बाजूने वळलेला,
जणू इतकी वर्षं लपवत होता बिचारा.
अक्षरं तेवढी उलटी चालायला लागली.
म्हणजे आधी वाचायचं, पाठ करायचं,
मग पुस्तक फिरवून त्याच्याकडे बघायचं.
"दिवा मालव," सेस पांघरुणातून म्हणाला.
तिसऱ्या रात्री मालवला मी. काठीनेच.
काचा वेचताना दोघंही हसलो,
मग तो म्हणाला, उद्यापासून बाहेर.

पकडीवर अकरा पानं आहेत.
अकरा!
अडलेल्या मेंढीच्या पोटातून कोकराचे पाय धरतात
तितकंच तर घट्ट धरायचं,
आणि ती कळ देईल तेव्हाच ओढायचं.
हे कुणी पुस्तकात लिहीत नाही,
आणि कोकरं येतात.

आमच्या मैदानाला कुंपण नाही, पहारेकरी नाही.
फाटकाशी पत्र्याची पेटी, तिच्यात पाच डॉलर टाकायचे,
न टाकले तर तुमचं तुम्ही बघा.
गवत मेंढ्या कापतात.
पहिला चेंडू ओढ्यात. दुसरा ओढ्यात.
तिसऱ्याला काठीच लागली नाही,
मी मात्र जागच्या जागी गिरकी घेतली
आणि एका मेंढीने चघळणं थांबवलं.

सातव्या होलपाशी पुस्तक डोक्यातून निसटलं.
थंडीने असेल.
चाळीस हंगाम शेडमध्ये लोकर फेकली मी:
भादरलेली अख्खी लोकर कवेत उचलायची,
कंबरेतून वळायचं, आणि टेबलावर अशी सोडायची
की हवेतल्या हवेत चादरीसारखी उघडेल.
तेव्हा कुणी सांगितलं होतं, कुठला खांदा, कुठली टाच?
जे अंगवळणी पडलं
ते अंग वळूनच पडलं होतं.
काठी मागे गेली, परत आली.
आवाज आला छोटासा,
वाळल्या फांदीचा यावा तसा.

चेंडू कुठे गेला ते खरंच दिसलं नाही,
सूर्य समोर होता.
मेंढ्यांनी माना वर केल्या, सगळ्यांनी एकाच दिशेला,
आणि डावं-उजवं न करता
पुन्हा खाली घातल्या.

आठव्याला परत ओढा.

रात्री शिसपेन्सिल घेऊन बसले.
जिथे डावा तिथे उजवा, जिथे उजवी तिथे डावी,
माझ्या त्याच वाकड्या अक्षरात.
तिसरं प्रकरण झालं.
चौथं वाळूच्या खड्ड्यांवर आहे, आमच्याकडे वाळू नाही,
तरी करणार.
विक्री दर मार्चला असते.
कुणाला तरी लागेल.